बर्गेनचा सूर्य काही बुडेना

नाही, पण मी काय म्हणतो, सूर्याला काही घरदार असावं की नको? दिवसभर हिंडलास, ठीक आहे बाबा, हिंड, तुझं कामच आहे ते, पण संध्याकाळ झाली, कोंबड्या खुराड्यात गेल्या, होड्या बंदराला लागल्या, कारकुनांनी फायली मिटल्या, आता तूही गुमान समुद्रात जावंस की नाही? पण नाही! रात्रीचे नऊ वाजले, सूर्य आपला जाग्यावर! साडेनऊ वाजले, सूर्य आपला जाग्यावर! अहो, माझ्या जिभेचं चामडं झालं होतं, पोटात आतडी एकमेकींना हाका मारत होती, आणि हा वर असा बसलाय, जसा काय जेवून-खाऊन ओट्यावर गप्पा मारायला आलेला पाहुणा... उठायचं नावच नाही!

थांबा, हसू नका. तुम्हाला सांगतो, पहिल्यापासनं सांगतो, म्हणजे कळेल माझ्यावर काय वेळ आली ती.

मी जमालुद्दीन. गाव दाभोळ, राहायला बहारीनला, गुदैबियात, आणि काम तिथेच तुबलीला, खाडीजवळच्या वर्कशॉपमध्ये. बोटींची डिझेल इंजिनं खोलायची, पुसायची, जोडायची, बारा वर्षं हेच. तर चौऱ्याऐंशी साली आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, चार बोटींसाठी नॉर्वेची इंजिनं मागवली. नवी कोरी. आणि ती खोलायची कशी हे शिकायला कुणाला तरी तिकडे धाडायचं ठरलं. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं, तिजोरीतनं माझा पासपोर्ट काढला, टेबलावर टाकला नि म्हणाला, "जमाल, तुम नॉर्वे जाएगा. इंजन देखेगा, सीखेगा, आएगा. चार दिन. यल्ला!"

मी म्हटलं, "अरबाब, अकेला?"

तर म्हणाला, "इंजन भी अकेला आएगा."

मी पासपोर्ट खिशात घातला.

बरं, जायचं तर जायचं, पण महिना कुठला? रमजान! आणि रमजान आला होता ऐन जूनमध्ये. बहारीनचा जून तुम्हाला ठाऊक आहे. बोटीच्या डेकवर पाना ठेवला तर परत उचलायला फडकं लागतं. त्यामुळे मी मनात काय म्हटलं असेल? म्हटलं, वा जमालुद्दीन, नशीब काढलंस! थंड देश, तहान नाही, घाम नाही, रोजा कसा चुटकीसरशी सुटेल. चुटकीसरशी! हे मी म्हटलं. या तोंडाने म्हटलं!

तुम्ही म्हणाल, अरे पण मुसाफिराला रोजा माफ असतो, मागाहून धरता येतो. असतो ना! मलाही माहीत आहे. पण तुम्हाला मुलगी आहे का? मला आहे. सायरा. तेव्हा नऊ वर्षांची. इंग्रजी शाळेतली, आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. त्या साली तिने पहिल्यांदा पुरा रोजा धरायचं डोक्यात घेतलं होतं आणि दिवस निवडला नेमका मी तिकडे असताना. आईने सांगून बघितलं, अब्बा आल्यावर धर. नाही म्हणजे नाही! बॅग भरताना माझ्या समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "अब्बा, यू ऑल्सो, हां? सेम डे. प्रॉमिस?"

म्हटलं, "प्रॉमिस."

माणूस किती सहज बोलून जातो बघा.

दोन विमानं बदलून मी बर्गेनला उतरलो तो धो धो पावसात. इंजिनवाल्या कंपनीने मला एका म्हातारीच्या घरी खोली घेऊन दिली होती. बाईचं नाव गुद्रुन. मी गुदैबियातनं निघालो नि गुद्रुनकडे पोचलो! सत्तरी ओलांडलेली, पण ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, डोळे निळे... आमच्या शाळेत शाईची दौत असायची तसे निळे. घर लाकडाचं, डोंगराच्या पायथ्याशी. तिला इंग्रजी येत होतं माझ्याइतकंच, म्हणजे दोघं मिळून एक वाक्य पुरं व्हायचं.

पाऊस बघून मी म्हटलं, "रेन." ती म्हणाली, "ऑल्वेज." आणि मग बोटं मोजून सांगितलं की इथे वर्षातनं पुरतं ऊन असं दहा-बारा दिवसच पडतं.

त्या दहा-बारातला एक, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेला होता.

रात्री दीडला उठलो सेहरीला, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या जेवणाला. रात्री म्हणायचं आपलं. अंधार असा झालाच नव्हता, नुसता मळकट उजेड, चहात दूध जास्त पडल्यासारखा. स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावायची गरज नाही. शरीफुन्निसाने, म्हणजे आमच्या घरातनं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी नि खजूर बांधून दिले होते. डबा उघडला मात्र... सुकटाचा वास तुम्हाला माहीत आहे, त्याला दार लागत नाही, भिंत लागत नाही. दोन मिनिटांत गुद्रुनबाई नाक पुढे करून दारात हजर! अंगात लोकरीचा झगा, हातात छत्री. चोर समजून आली असावी. डब्यात बघितलं, हुंगलं आणि चेहरा असा फुलला... "तोर्फिस्क!" म्हणाली. म्हणजे सुकी मासळी! त्यांच्याकडेही करतात, वाळवतात. चिमूटभर चटणी उचलून तोंडात टाकली आणि मग पाच मिनिटं खोकत होती, पण भाकरी सोडली नाही, हां! बसली, अर्धी भाकरी माझ्याबरोबर खाल्ली.

मग विचारलं, एवढ्या रात्री जेवण का? मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत समजावलं. टिल सन डाउन, नो ईट, नो ड्रिंक. तिने माझ्याकडे बघितलं. मग आदल्या दिवशीचा पेपर आणला, कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. तेवीस शून्य सहा. मला वाटलं टेलिफोन नंबर असेल. म्हटलं, "हूज नंबर?"

ती म्हणाली, "सन. डाउन."

तेवीस शून्य सहा म्हणजे रात्रीचे अकरा वाजून सहा मिनिटं!

अहो, मी तो पेपर उलटा करून बघितला. म्हटलं, छपाईची चूक असेल. आमच्या बहारीनला साडेसहाला तोफ उडते, खजूर तोंडात जातो, सातला माणूस ढेकर देऊन मोकळा. अकरा वाजून सहा? दोनपासनं धरलं तर एकवीस तास! पण तोवर दोन वाजलेच होते, पाण्याचा शेवटचा घोट गिळून झाला होता, रोज्याची नियत करून झाली होती. आणि तिकडे गुदैबियात माझी पोरगीही उठली असणार, डोळे चोळत. आता माघार कसली?

गुद्रुनबाईने एकच शब्द विचारला. "अलोन?"

म्हटलं, "येस, अलोन."

तिने ताट उचललं नि गेली.

सातला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हजर झालो. तिथला फोरमन टोर्लाइफ, माणूस कसला, क्रेनच! त्याचा पंजा हातात घ्यायचा म्हणजे बोटीचा नांगर घेतल्यासारखं. आणि वर्कशॉप! काय सांगू! जमिनीवर तेलाचा थेंब नाही. पाने भिंतीवर टांगलेले, प्रत्येक पान्याच्या मागे त्याचीच आकृती रंगवलेली. मी आधी बूट काढले. त्याने परत घालायला लावले.

आल्या आल्या कॉफी पुढे केली. मी हात छातीवर ठेवून म्हटलं, "थँक यू. आय फास्ट."

तर तो खूश! "फास्ट? गुड! व्हेरी गुड!" आणि कॉफी बाजूला ठेवून दुसरा फ्युएल पंप आणला माझ्यापुढे. मी म्हटलं, "नो, नो, फास्ट! नो ईट!" तर डोळे मोठे करून म्हणाला, "नो ईट? ओ! व्हेरी, व्हेरी फास्ट!" आणि तिसरा पंप आणला!

जेवणाच्या सुट्टीतही मी पंप खोलतोय आणि हा दुसऱ्या कामगारांना आणून आणून दाखवतोय, बघा, बहारीनचा माणूस बघा! त्यांच्यात एकाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मी त्याची नोकरी घालवायला आलोय. तीनला सुट्टी झाली तेव्हा अख्ख्या इंजिनाचे इंजेक्टर मी खोलून, साफ करून परत बसवले होते. टोर्लाइफने पाठ थोपटली, आणि थोपटली म्हणजे मी दोन पावलं पुढे गेलो.

तीन वाजले होते फक्त. अजून आठ तास! बाहेर येऊन वर बघितलं, ढग नाही, धुकं नाही, आकाश कसं घासून ठेवलेल्या परातीसारखं, आणि सूर्य आपला जाग्यावर!

मग म्हटलं, वेळ तरी जाईल, बंदरावर जाऊ. आणि तुम्हाला खरं सांगतो, तिथे पोचलो नि माझी तहान दहा मिनिटं कुठे गेली ते मला कळलंच नाही.

बंदर शहराच्या मध्यात आहे हो! म्हणजे समुद्र गावाबाहेर नाही, समुद्रच गावात येऊन बसलाय आणि सगळं शहर त्याच्या भोवती. चारी बाजूंनी डोंगर, हिरवेगार, इतके जवळ की हात लावावा. आणि पाण्याच्या काठाने लाकडाची घरं, एक लाल, एक पिवळं, एक पांढरं, एकमेकांच्या खांद्याला खांदा टेकून उभी, जरा वाकलेली, जरा कललेली... आणि म्हणे शेकडो वर्षांची! शेकडो! आमच्या वर्कशॉपचा पत्रा सहा वर्षांत सडला. मी पाण्यात वाकून बघितलं तर तळ दिसतोय, दगडावरचं शेवाळ हलताना दिसतंय. मग मी वास घेतला. बंदरावर गेलो की पहिला वास घ्यायचा ही माझी सवय. आणि डिझेलचा वास नाही! एवढ्या बोटी उभ्या नि डिझेलचा वास नाही! मी, डिझेलवर पोट असलेला माणूस, तिथे उभा राहून नुसता श्वास घेत होतो. आत घेतला की थंडगार, जसं काय पाणीच पितोय. रोजा मोडतो की काय अशी शंका आली मला!

आणि मग मासळीबाजार लागला. या खुदा! उघड्यावर, पाण्याच्या काठाला, पांढरे एप्रन घातलेल्या बाया. आणि फळीवर कोण? बांगडा! आपला बांगडा! पाठीवर तेच पट्टे, तीच चकाकी... पण केवढा! बांगड्याचा मामा! मला भरून आलं, खरं सांगतो. एवढ्या लांब, सगळं परकं, भाषा परकी, सूर्यसुद्धा परका, आणि हा एकटा ओळखीचा. मी बोट दाखवून त्या बाईला म्हटलं, "बांगडा!" ती म्हणाली, "माक्रेल." मी म्हटलं, "नो, नो, बांगडा!" तीही हट्टी, "माक्रेल!" मग तिला वाटलं, गिऱ्हाईक हुशार आहे, तिने काडीला लाल मासळीचा तुकडा लावून पुढे केला. मी मान हलवली. तिला वाटलं, आवडला नाही. दुसरा पुढे केला. मग उकडलेल्या कोळंब्या, गुलाबी, वाफ येतेय... मी हात जोडले! कोकणातल्या माणसाने कोळंबीला हात जोडले, हे माझ्या आजोबांनी बघितलं असतं तर वंशातनं काढून टाकलं असतं.

मागे फिरलो. सूर्य आपला जाग्यावर.

साडेपाचला घरी आलो, कारण घरी फोन करायचा होता. इथे साडेपाच म्हणजे बहारीनला साडेसहा, इफ्तारची वेळ. म्हटलं, मी नाही खाऊ शकत तर निदान पोरीचा पहिला रोजा सुटताना कानाने तरी ऐकू. गुद्रुनबाईला आधीच विचारून ठेवलं होतं. तिने फोनजवळ खुर्ची ठेवली, शेजारी अंडी उकडायचं घड्याळ ठेवलं, आणि तीन बोटं दाखवली. तीन मिनिटं.

फोन लागला. तिकडनं टीव्हीवर तोफेचा आवाज आला, धडाम! माझ्या डोळ्यांत पाणी. शरीफुन्निसाचा आवाज, "हॅलो, कोण? तुम्ही? जेवलात का?"

म्हटलं, "कसला जेवतोय! इथे सूर्य डोक्यावर आहे! सायराला दे. सोडला का रोजा?"

तर म्हणाली, "सायरानं ना... दुपारीच सोडला."

"दुपारी?"

"एक वाजता. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं हो. मीच दिला आंबा. ओरडू नका तिला."

आंबा! अहो, मी इथे बांगड्याच्या मामाला सलाम करून परत आलो, आणि तिकडे आंबा! फोनवर सायरा आली. तोंडात भजं, कुरकुर ऐकू येतेय इथवर. "सॉरी, अब्बा. इट वॉज सो हॉट. बट यू कंटिन्यू, ओके? वन ऑफ अस मस्ट."

आणि घड्याळ वाजलं. टर्रर्र!

मी फोन ठेवला. म्हटलं, जमालुद्दीन, झालं. ज्या पोरीसाठी धरला ती आंबा खाऊन मोकळी. तू मुसाफिर आहेस, तुला माफी आहे, अल्लामियां जाणतो. मागाहून एक रोजा धर, साडेसहाला सुटणारा, माणसासारखा. उठलो, स्वयंपाकघरात गेलो, फळीवरचा ग्लास घेतला, नळाकडे हात नेला...

आणि टेबलाशी गुद्रुनबाई. समोर मासळीच्या सूपचं पातेलं, वर टॉवेल घट्ट बांधलेला. कॉफीची किटली धुऊन उपडी घातलेली. आणि बाईचे हात थरथरताहेत. आता ही बाई कशी, तर आदल्या दिवशी मी आल्यापासनं झोपेपर्यंत तिने कॉफीचे आठ कप प्यायलेले मी स्वतः मोजले होते! म्हटलं, "यू सिक?"

तिने मान हलवली. पोटावर हात ठेवला. "मी ऑल्सो. फ्रॉम टू ओ'क्लॉक. नथिंग."

मला कळेचना. मग कळलं, नि हातातला ग्लास ओट्यावर कधी ठेवला ते आठवत नाही. म्हातारीने रोजा धरला होता! माझ्याबरोबर! कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, सत्तरी ओलांडलेली परक्या धर्माची बाई, कॉफीवाचून थरथरतेय आणि बसलीय!

म्हटलं, "व्हाय? व्हाय, गुद्रुनबाई?"

खिडकीकडे बोट केलं तिने. मग एकेक शब्द शोधत शोधत सांगितलं. तिचा नवरा मासेमारीला उत्तरेला जायचा, जानेवारीत गेला की एप्रिलात यायचा. ही या खिडकीशी. पत्र नाही, फोन नाही. बावीस वर्षं. "वेटिंग अलोन," म्हणाली, "नॉट गुड. आय नो."

मी हळूच विचारलं, "सी टूक हिम?"

"नो, नो! बायसिकल!" नवरा एवढ्या समुद्रातनं दरवेळी सुखरूप आला, आणि शेवटी सायकलवरनं पडून गेला! आणि हे सांगून ती स्वतःच आधी हसली. मग मीही हसलो.

आता सांगा, पाणी प्यायचं कसं?

पण खरी भीती मला पुढे वाटायला लागली. सात वाजले, आठ वाजले, तिचा चेहरा उतरत चालला. मी म्हटलं, "प्लीज, यू ड्रिंक. यू ओल्ड." तर अशी रागावली! म्हणाली, "ओल्ड? यू ड्रिंक!" मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवायचा, तिने माझ्याकडे सरकवायचा. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र. म्हातारी पडते, पोलीस येतात, काय रे, काय केलंस? काही नाही साहेब, उपाशी ठेवली! अरबाबला फोन जातो. अरबाब म्हणतो, इंजन देखने भेजा था, ये क्या किया? म्हटलं, या अल्ला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण या बाईला सांभाळ. इतक्या कळकळीने मी बारा वर्षांत दुआ मागितली नसेल. दर पाच मिनिटांनी दोघंही खिडकीशी. ती म्हणायची, "नाय." त्यांच्या भाषेतही नाही म्हणजे नायच! आणि सूर्य आपला जाग्यावर.

दहा वाजता सूर्य समोरच्या डोंगराआड गेला. गेला! मी उडीच मारली! खजूर उचलला, बिस्मिल्लाचा बि म्हटला... फाट! हातावर चापट! गुद्रुनबाई! पेपर माझ्या नाकासमोर धरून, "नाय! माउंटन! नॉट डाउन! तेवीस शून्य सहा!"

अहो, आमच्या गुदैबियाच्या मशिदीतले मौलवीसाहेब बरे! ते माणूस बघून थोडं नरम तरी घेतात.

म्हटलं, "सेम थिंग." म्हणाली, "नॉट सेम. वी सी." आणि उठली. सूप थर्मासमध्ये भरलं, पाव घेतला, खजूर घेतले, डोक्याला रुमाल बांधला, आणि मला हाताला धरून बाहेर! डोंगरावर जायला तिथे एक रेल्वे आहे, लोखंडी दोराने सरळ वर ओढतात, विहिरीतनं बादली काढावी तशी. आम्ही बसलो. ती डोळे मिटून. मी तिच्या नाकाकडे बघतोय, श्वास चाललाय ना!

आणि वर पोचलो.

आता इथे मी जरा हळू सांगतो.

खाली अख्खं शहर, ओंजळीत धरल्यासारखं. ती लाल-पिवळी घरं काडेपेट्यांएवढी. त्यापुढे पाणी, पाण्यात बेटं, बेटांमागे पाणी, परत बेटं... आणि सगळ्यावर सोनं ओतलेलं. एक बोट चालली होती, तिच्यामागे रेघ उमटत होती, ती रेघसुद्धा सोन्याची. आणि सूर्य! आपल्याकडे सूर्य बुडतो कसा, नारळ पडावा तसा, सरळ, धप्. तिथे तो सरळ खाली जातच नाही हो! तिरका चालतो. पाण्याच्या काठाकाठाने, हळूहळू, बेटांवरनं, जसा काय बसायला चांगली जागा शोधतोय. मी त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्यावर रागावायचं विसरलो. म्हटलं, शोध बाबा, घाई नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारा वर्षं मी बहारीनला रोजे सोडतोय, पण सूर्य बुडताना बघितलाय कुठे? तोफ ऐकलीय. वर्कशॉपच्या पत्र्याखाली, नाहीतर टीव्हीसमोर, घड्याळाकडे बघत. ज्याची दिवसभर वाट बघायची तो जातो कसा, हे मी कधी बघितलंच नव्हतं. दाभोळला लहानपणी बघितला असेल, पण तेव्हा बघावं लागत नाही, तो दिसतोच.

बाकावर गुद्रुनबाई माझ्या शेजारी. हातात घड्याळ. लोक आजूबाजूला आईस्क्रीम खात होते, आमच्याकडे बघत होते, एक म्हातारी नि एक काळासावळा माणूस, दोघंही टक लावून, हातात एकेक खजूर. अकरा वाजून चार मिनिटं. पाच. सूर्याची नखाएवढी कोर राहिली. मग टाचणीच्या डोक्याएवढी. मग...

"नाउ," ती म्हणाली.

मी पहिला खजूर तिला दिला. तिने तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि चावलाच नाही कितीतरी वेळ. मी पाणी प्यायलो. तुम्हाला सांगतो, पाण्याला चव असते. असते! लोक उगाच म्हणतात नसते. मग बाजूला गवतावर रुमाल टाकून मगरीबची नमाज पढलो. सलाम फेरून बघितलं तर ती बाकावर मान खाली घालून, हात गुंफून बसलेली. तिची तिच्या देवाशी काही बोलणी चालली होती.

मग तिने डोळे उघडले नि पहिला शब्द काढला, "कॉफी!"

दुसरा थर्मास होता बॅगेत! सगळा तयारीचा कारभार. लागोपाठ चार कप प्यायली, गालांवर रंग आला, आणि माझ्या जिवात जीव आला. सूप प्यायलो, पाव खाल्ला, आणि उजेड तसाच, सूर्य गेला तरी त्याची आठवण आकाशात रेंगाळतेय. बराच वेळ आम्ही उठलोच नाही.

खाली येताना रेल्वेत तिच्या ओळखीच्या दोन बाया भेटल्या, तिच्याच वयाच्या, हातात विणकाम. झालं, हिचं तोंड सुटलं! मला अक्षर कळेना, पण अधूनमधून "जमाल" यायचं, "खजूर" यायचं, खजूर तर चक्क आपल्यासारखाच म्हणत होती, मग माझ्या हातावर मारलेली चापट तिने करून दाखवली, मग सूर्य असा असा, अशी बोटं तिरकी नेऊन. त्या बाया आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काय मी हजच करून आलोय.

घरी आलो तेव्हा पावणेएक. मी मनाशी पक्कं केलं होतं की उद्या नाही. एक झाला, खूप झाला. उद्या मुसाफिर व्हायचं, टोर्लाइफची कॉफी प्यायची, बाजारात जाऊन त्या बाईला सांगायचं की हो बाई, माक्रेल तर माक्रेल, पण तळून दे. पोटभर झोपावं म्हणून खोलीकडे वळलो, तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. बघतो तर गुद्रुनबाई टेबलावर ताटल्या मांडतेय. एक, दोन, तीन... सात!

म्हटलं, "हू कमिंग?"

चेहरा असा उजळलेला, वीस वर्षांनी लहान दिसत होती. चर्चमध्ये विणायला बसणाऱ्या बायांची नावं घेतली, पाच बोटं दाखवली. रेल्वेतल्या दोघी घरी जाऊन बाकीच्यांना फोन करणार होत्या, एवढ्या रात्री! "वन थर्टी, दे कम," म्हणाली. "ईट. अँड देन नथिंग. ऑल टुगेदर." मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "यू ऑल्सो... येस?"

आता तुम्हीच सांगा. पाच म्हाताऱ्या लोकरीच्या टोप्या घालून डोंगर उतरून येणार, माझ्या भरवशावर एकवीस तास उपाशी राहणार, आणि मी तळलेला बांगडा खात बसणार?

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, बॅगेतनं सुकटाच्या चटणीचा डबा काढला नि विचारलं, "गुद्रुनबाई, मोठं पातेलं कुठे आहे?"